भिवा ओताऱ्याचा निरोप

आजीच्या आजीनंही ज्याला पाहिलं नाही, पण दिवेलागणीला ज्याचं नाव घेतलं, त्या भिवा ओताऱ्याची ही हकिगत. ऐका बाळांनो.

कळसुंदे गावात भिवा देवळांच्या घंटा ओतायचा. त्याची घंटा वाजली की रडतं मूल गप्प व्हायचं, चरणारी गाय मान वर करायची, असं म्हणतात. भिवाला आणि त्याच्या सरजाला मात्र लेकरू नव्हतं. सरजानं सोळा सोमवार केले, प्रदोष केले, पण पाळणा काही हलला नाही.

त्याच गावात मुकिंदा नावाचा एका विधवेचा मुलगा होता. गावच्या शाळेत होतं तेवढं तो शिकला. पुढे काय, हे आईलाही ठाऊक नव्हतं आणि पंतोजींनाही नव्हतं. तो रोज येऊन ओताऱ्याच्या उंबऱ्यावर बसायचा आणि भट्टीकडे बघत राहायचा.

पाण्याला जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "काय रे, शाळा झाली, आता ओताऱ्याचा उंबरा झिजवतोस?"

"झिजला तर नवा बसवून देईन, काकू!"

एके दिवशी सरजा नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपण देवाकडे लेकरू मागितलं. त्यानं उंबऱ्यापर्यंत आणून सोडलं. आत घ्यायचं काम तुमचं."

भिवानं मुकिंदाला आत घेतलं. तीन वर्षांत पोरगा भाता ओढायला शिकला, मेणाची घंटा घडवून तिच्यावर मातीचा साचा चढवायला शिकला, आणि ज्वाळेच्या रंगावरून धातू ओळखायलाही शिकला. एकच गोष्ट भिवानं झाकून ठेवली. साच्यात गवताच्या काड्या रोवाव्या लागतात. त्या जळून जातात आणि त्यांच्या वाटेनं आतली हवा बाहेर पडते. एवढं काम भिवा दार लावून एकटाच करायचा, कारण मरताना बापानं शपथ घातली होती, ही खूण रक्ताच्या माणसालाच द्यायची.

मग मुकिंदानं महादेवासाठी आपली पहिली घंटा ओतली, साचाही एकट्यानंच केला, काड्यांविना; हवा आतच अडकली. सगळा गाव जमला. टोल दिला तर घंटा बोललीच नाही, मडक्यासारखी थप् वाजली. लोक हसले. मुकिंदा आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाला, "माझा हातच वाईट."

खरं काय ते भिवाच्या ओठांवर आलं, पण शपथ आडवी आली. सकाळी मुकिंदा गावात नव्हता.

चार दिवसांनी त्याची आई भट्टीवर आली. "भिवाभाऊ, माझ्या लेकाचा हात खरंच वाईट होता का हो?"

भिवानं हातातलं काम खाली ठेवलं. "नाही वहिनी. हात सोन्याचा होता. तोंड माझं बंद होतं."

मग भिवानं मुकिंदाला गावोगाव शोधलं. तो कुठंच सापडला नाही. परत आल्यावर भिवानं भट्टीचं दार बिजागरीसकट काढून टाकलं. शाळा संपलेलं, पुढची वाट न सापडलेलं कुणाचंही पोर येवो, धनगराचं, तेल्याचं, कोष्ट्याचं, त्याला पहिल्याच दिवशी भिवा गवताच्या काड्या हातात द्यायचा आणि सगळं सांगायचा. गुरुदक्षिणा एवढीच मागायचा, "जिथं जाशील तिथं मुकिंदा भेटला तर सांग, हात तुझा चांगला होता, खूण मीच लपवली."

पोरं शिकून मुलुखभर पांगली. दर सणाला भिवा वेशीवर जाऊन उभा राहायचा. निरोप पोचल्याची खबर मात्र कधी आली नाही.

म्हातारपणी एकदा ओट्यावर बसल्या बसल्या त्यानं कान टवकारले. "सरजे, घंटा ऐकलीस?"

"नाही हो. कुणाची?"

"त्याची. घाटापलीकडून. बोलतेय बघ कशी."

आणि हसऱ्या चेहऱ्यानंच त्यानं डोळे मिटले, असं म्हणतात. घाटापलीकडे तेव्हा देऊळ होतं की नव्हतं, देव जाणे.

आता कळसुंद्यात भट्टी नाही. पण दहावीचा निकाल लागला की पुढं न शिकणाऱ्या मुलामुलींना आया न्हाऊमाखू घालून वायरमनकडे, गवंड्याकडे, शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे घेऊन जातात. भिवाच्या नावानं निरांजन लावतात. शिकवणारा पोराचे दोन्ही हात हातात घेऊन आधी म्हणतो, "हात चांगला आहे." आणि आपल्या कामातली सगळ्यांत जपलेली खूण त्याला त्याच दिवशी सांगतो.

काम शिकून परगावी निघालेल्या पोरांना गाव वेशीपर्यंत पोचवायला जातं. एसटीत चढताना कुणीतरी म्हणतंच, "मुकिंदा भेटला तर सांग रे."