टिटवीचा होकार

माणसांनी रस्ते आखायच्या आधीची गोष्ट. नदीकाठच्या माळावर एक टिटवी अंडी उबवत होती. एक साळुंकी येऊन म्हणाली, "ताई, काही कळलं तर सांगायला येत जाऊ का?" टिटवी कामात होती. नीट न ऐकताच ती म्हणाली, "हो, हो, ये."

मग साळुंकी दिवसभर येऊ लागली. "पलीकडे किडेच किडे, धाव!" "मागे साप आलाय, पळ!" टिटवी धावत जाई. तिथे किडे नसत आणि सापही नसे. तेवढ्यात साळुंकी टिटवीच्या जागचे किडे टिपून घेई. अंडी मात्र उन्हात तापत राहत.

टिटवी रडकुंडीला आली. शेजारच्या म्हाताऱ्या कासवीला ती म्हणाली, "मीच तिला हो म्हटलं. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

"ज्या तोंडाने हो म्हटलंस, त्याच," कासवी हसली. "घाईत आम्ही कासवंही हो म्हणतो गं."

पुन्हा हाक आली, "साप! पळ!" टिटवीने चारी बाजूंना पाहिलं आणि ती बसूनच राहिली. "तुला ये म्हटलं होतं, ते मी मागे घेते. आता येऊ नकोस."

साळुंकी फणफणत उडून गेली. माळ शांत झाला. तेव्हा टिटवीला आपल्या पोटाखालून बारीकशी टकटक ऐकू आली.