बालिंतच्या बांधावरची डहाळी

हंगेरी देशात तिसा नदीच्या काठी एक गाव होते आणि त्या गावात बालिंत नावाचा एक सुतार राहत होता. कामाचा त्याला भारी हुरूप. कुणाचे काही काम निघाले की हा सगळ्यांच्या आधी हजर. मात्र कोणतेही काम शेवटाला नेणे त्याच्या जिवावर येई. त्याच्या स्वतःच्या फाटकाला एकच बिजागरी होती. दुसरी त्याच्या खिशात होती, तीही चार वर्षे.

त्या लोकांच्या भाषेची एक गंमत आहे. काम चालू होते की तडीस गेले, हे ते क्रियापदाच्या आधी एक चिमुकला शब्द जोडून सांगतात. नुसते क्रियापद वापरले तर माणूस वाचत होता, बांधत होता, दुरुस्त करत होता. पुढे काय झाले देव जाणे. त्याला 'एल' जोडला की वाचून संपवले, 'फेल' जोडला की बांधून उभे केले, 'मेग' जोडला की दुरुस्त करून टाकले. शिवाय "दुरुस्त केलंस का?" असे कुणी विचारले, तर अख्खे वाक्य बोलायची गरज नाही. नुसते "मेग" म्हटले की पुरे.

बालिंत सगळ्यांना "मेग" म्हणायचा. तो लबाड नव्हता बरे. थोडेसेच तर राहिले आहे, म्हणजे झालेच की, असे त्याला मनापासून वाटे.

गाव नदीच्या पातळीपेक्षा खाली होते. मध्ये होता तो मातीचा बांध. प्रत्येक घराकडे बांधाचा एकेक तुकडा सोपवलेला असे. थंडी सरत आली की प्रत्येकाने आपल्या तुकड्यातली जनावरांची बिळे खणून काढायची, त्यांत चिकणमाती थराथराने भरायची आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकून घट्ट करायचा. मग बांधाचे राखणदार इग्नात्स यायचे. गाव त्यांना इग्नात्सबाची म्हणे. बाची म्हणजे काका. ते प्रत्येकाला एकदाच विचारत. "मेग" ऐकले की त्या तुकड्यावर वाळुंजाची एक डहाळी खोचून पुढे जात. ठोकून पाहत नसत. दुसऱ्याचा शब्द तपासणे म्हणजे त्याचा अपमान, अशी गावाची रीत होती.

त्या वर्षी बालिंतच्या तुकड्यात एक लांबलचक बीळ निघाले. त्याने दिवसभर घाम गाळला. दहा थर भरले, ठोकले. अकरावा, नदीच्या बाजूचा, तेवढा राहिला. तेवढ्यात इग्नात्सबाची आले.

"बालिंत, बांध दुरुस्त केलास?"

"मेग," बालिंत म्हणाला.

डहाळी खोचली गेली. अकरावा थर उद्यावर गेला, उद्याचा परवावर. मग डोंगरातले बर्फ एकदम वितळले आणि तिसा फुगली.

वाळूची पोती मोजकीच होती. ज्या तुकड्यांवर डहाळी नव्हती, तिकडे पोतीही गेली आणि माणसेही गेली. बालिंतच्या तुकड्यावर डहाळी होती, तिकडे कोण कशाला फिरकेल? तो एकटाच फावडे घेऊन गेला. बांधाच्या गावाकडच्या अंगाला ओलीचा एक डाग पसरत होता. अकरावा थर राहिला होता तिथूनच पाणी शिरत होते, हे त्याला उमगले. तरी त्याने ठरवले, गुपचूप माती टाकू, कुणाला कळायला नको.

बांधाच्या अगदी पायथ्याशी रोझालचे घर होते. ती अंगणात हंसिणींना अंड्यांवर बसवत होती. तिची दोन लहान मुले तिथेच खेळत होती. तिने वर पाहून हाक मारली, "बालिंतदादा, मी पोरांना घेऊन चर्चच्या टेकडीवर जाऊ का? की राहू इथंच? तुझ्या बांधावर डहाळी दिसतेय म्हणून विचारते."

बालिंतची नजर डहाळीवर गेली. खरे बोलावे तर सगळ्या गावात नाक कापले जाणार. गप्प राहावे तर ही बाई त्याच्या एका शब्दावर विसंबून पोरांसह पाण्याखाली जाणार. त्याने डहाळी उपटली आणि तिला दिसेल अशी उंच धरली.

"रोझाल, पोरांना घे आणि टेकडीवर जा! बांध अर्धवट आहे. मी खोटं बोललो!"

तो तसाच धावत सुटला. इग्नात्सबाचींसमोर उभे राहून तेच बोलला. बाचींनी त्याच्याकडे एकदाच पाहिले, ते पाहणे त्याला थपडेहून जास्त लागले. मग ते ओरडले, "पोती इकडे आणा!"

माणसे त्याला शिव्या घालत आली आणि शिव्या घालतच राबली. सूर्य मावळेपर्यंत बांध सावरला. गाव वाचले. पण तोवर आलेल्या पाण्याने रोझालच्या घराची मातीची भिंत खचवली होती आणि अंडी वाहून गेली होती. चिखलात उभी राहून रोझाल रिकाम्या घरट्यांकडे पाहत राहिली. बालिंतला त्या क्षणी आपली विलक्षण लाज वाटली.

पूर ओसरल्याबरोबर त्याने तिची भिंत हाती घेतली. उन्हाळाभर तो तिथेच होता. भिंत झाली, छप्पर झाले, दार बसले. एके संध्याकाळी इग्नात्सबाची डहाळी हातात घेऊन आले. मागे बरेच लोक होते.

"बालिंत, घर दुरुस्त केलंस?"

बालिंतने दार ओढून पाहिले. पुन्हा उघडले, पुन्हा ओढले.

"नाही बाची," तो म्हणाला. "कडी राहिलीय."

लोकांत कुजबुज झाली. हे शब्द त्याच्या तोंडून कुणीच कधी ऐकले नव्हते. बाची डहाळी घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बालिंतने कडी ठोकली, लावून पाहिली, काढून पाहिली आणि स्वतः जाऊन बाचींना सांगितले, "मेग."

बाची दार तपासायला निघाले नाहीत. त्यांनी डहाळी रोझालच्या हातात दिली. तिनेच ती दाराशी खोचली.

घरी परतताना बालिंतने खिशात हात घातला. बिजागरी अजून तिथेच होती. जेवायला बसण्याआधी त्याने ती फाटकाला लावली.

तात्पर्य: आपल्या 'झाले' या शब्दावर दुसरी माणसे विसंबून राहतात. म्हणून काम पुरे होईपर्यंत तो शब्द उच्चारू नये, आणि राहिले असेल तर 'राहिले आहे' म्हणायला लाजू नये.