वाटीपाशी बसलेली पोर

गावात घड्याळ नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथे पाटाचं पाणी पाळीने मिळे. पाण्याने भरलेल्या घंगाळात बारीक भोकाची तांब्याची वाटी सोडायची. ती भरून तळाला गेली की एकाची पाळी संपली. वाटीपाशी बसणाऱ्याने "बुडाली!" अशी हाक द्यायची आणि ती ऐकून शेतकऱ्याने पाणी पुढच्या शेताला सोडायचं.

हे काम गोजरीच्या बापाचं. तो अंथरुणाला खिळला आणि काम पोरीकडे आलं. पोर गुणाची, पण भारी भित्री. तिची हाक ओठांबाहेर येईतो निम्मी व्हायची.

पाटावरचा पहिला मळा एका बड्या बागाईतदाराचा. त्याने हे बरोबर हेरलं. वाटी बुडाली तरी तो पाणी सोडीना. कोणी विचारलंच तर म्हणे, "हाक कुठं ऐकू आली?" झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार!

पाटाच्या अगदी शेवटी गोजरीच्याच घरचं वांग्यांचं वावर होतं. तिथवर पाणी पोहोचेना. रोपांनी माना टाकल्या. वर्षाच्या भाकरीला घराला तेवढाच आधार होता.

एके सकाळी बागाईतदार वाटीपाशी आला नि लाडाने म्हणाला, "पोरी, अशीच हळू बोलत जा. घरी पोतंभर जोंधळे पाठवतो."

गोजरीच्या घरात मडकी रिकामी होती. तिला मोह झाला, खोटं कशाला बोला. पण मधल्या शेतांचं काय? तीही तहानलेलीच. गप्प बसल्याचे दाणे आईच्या ताटात वाढायचे? तिला स्वतःची लाज वाटली आणि पाठोपाठ रागही आला.

तेवढ्यात वाटी बुडाली. गोजरी बांधावर चढली. छाती भरून श्वास घेतला आणि ती ओरडली, "बुडाली हो, बुडाली!"

हातभर अंतरावर उभा असलेला बागाईतदार म्हणाला, "मला नाही बुवा ऐकू आलं."

तोच पार शेवटच्या वावरातून तिच्या आईचा आवाज आला, "ऐकलं गं, बाय माझी!"

मधल्या शेतांतली माणसं फावडी घेऊन उठली. त्यांतला एक म्हातारा बागाईतदाराला म्हणाला, "मालक, तिकडं टोकाला चांगलं ऐकू येतंय. उद्यापासून तुमची पाळी शेवटी लावू या का?"

बागाईतदाराने फावडं उचललं आणि पाणी पुढे सोडलं. दिवस मावळायच्या आत वांग्यांची मुळं भिजली.

तात्पर्य: गरिबाचं गप्प बसणं दांडग्याच्या पथ्यावर पडतं. हक्काचं आहे ते खणखणीत मागावं, ऐकणारे असतातच.