गव्हर्नर आणि नावेचा दोर

अमेरिकेतील दक्षिणेकडची राज्ये संघराज्यातून फुटून निघण्याच्या बेतात होती, त्या काळातली ही कथा. एका राज्याचे गव्हर्नर क्रॉली यांनी पूर्वी संघराज्याचे गोडवे गाऊन दोन निवडणुका जिंकल्या होत्या; वारे फिरताच ते फुटीचे पुरस्कर्ते झाले. त्या राज्यात मत सर्वांदेखत मोठ्याने सांगावे लागे. मतदानाच्या दिवशी गव्हर्नर स्वतः एका नदीकाठच्या गावी येऊन बसले, तेव्हा साऱ्या गावाने निमूटपणे फुटीच्या बाजूने मत दिले. नावाडी सायलस तेवढा म्हणाला, "मी विरुद्ध."

"मत बदल, नाहीतर उद्यापासून तुझ्या नावेचा परवाना रद्द!" गव्हर्नर गरजले.

"बदलतो की, साहेब. तुम्हाला परतीला पलीकडे सोडतो, तेवढ्यात मला नीट समजावून सांगा."

दोन्ही काठांना बांधलेल्या जाड दोराच्या आधाराने ती नाव चाले. नदीला पूर होता. नाव मधोमध आली, तेव्हा गव्हर्नर म्हणाले, "संघराज्याशी जो दोर आपण राजीखुशीने बांधला, तो वाटेल तेव्हा तोडण्याचा आपल्याला हक्क आहे. पटलं?"

"पटलं." सायलसने नावेतली कुऱ्हाड अदबीने त्यांच्या हाती दिली. "हाही राजीखुशीनेच बांधलाय. तोडा, साहेब."

गव्हर्नरांनी फेसाळत्या पाण्याकडे पाहिले आणि कुऱ्हाड झटकन खाली ठेवली. "वेडा आहेस का? दोराला हात लावायचा नाही!"

सायलसने काठावर मते नोंदवणाऱ्या कारकुनाला हाक दिली, "लिहून घ्या हो! विरुद्ध मतं दोन!"

काठावर हशा पिकला. परतायला तीच एक नाव असल्यामुळे गव्हर्नरांनी परवान्याचा विषय पुन्हा काढला नाही.