बारा शाळांची एक घंटा

“उद्या दुपारपर्यंत ही शाळा नगरातल्या बाराही शाळांत पहिली आली पाहिजे! नाहीतर हिला कुलूप ठोका आणि या बाईंना वेशीबाहेर घालवा!” राजा दुर्जयसेन गरजला.

कुंभारपेठेच्या शाळेतली पोरं बाईंच्या मागे दडली. गेले अकरा दिवस राजा रोज एक शाळा तपासत होता. अकराही ठिकाणी पोरांनी तिसापर्यंतचे पाढे घडाघडा म्हटले. इथली पोरं मात्र अडखळत वाचत होती. मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या शाळांचा कारभार पाहणारे दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले.

शाळेची घंटा देणारी हौसा दाराशी उभी होती. दिवाणजींची पडदे लावलेली बैलगाडी ती रोज बघायची. सरदारांची घरी शिकणारी बावीस पोरं तिच्यात कोंबलेली. आज या शाळेत, उद्या वेष बदलून त्या! सकाळी गाडी इथंही आली होती, पण बाईंनी ती दारातूनच परत पाठवली. आता हे सांगायचं, तर दिवाणांपुढे शिपाईणीचं ऐकतो कोण?

हौसा पुढे झाली. “येईल पहिली, महाराज!”

“तू कोण गं?”

“घंटेवाली. फक्त उद्या बाराही शाळांची घंटा एकाच वेळी वाजू द्या. प्रत्येक शाळेत तुमचा एकेक तपासनीस बसवा, आणि घंटा झाली की दार बंद!”

“एवढंच? मंजूर!”

“महाराज, ही काय रीत झाली?” दिवाणांना घाम फुटला. “घंटा जरा मागेपुढे असलेली बरी...”

“का हो दिवाणजी,” हौसा म्हणाली, “बैल दमलेत वाटतं?”

दुसऱ्या दिवशी दिवाणांनी घाईघाईनं बावीस पोरं अकरा शाळांत दोन-दोन वाटली. घंटा झाली. प्रत्येक शाळेत दोघं पुढे सरसावली, पोपटासारखी बोलली. तिसऱ्याला उभं केलं, तर त्याला पुस्तक उलटं की सुलटं हेच कळेना! एक जण तर म्हणाला, “आधी आमचे गुरुजी कोणते ते दाखवा!” कुंभारपेठेत मात्र शेवटच्या पोरानंही धडा वाचला. अडखळत, पण स्वतः.

निकाल ऐकून राजा चकित झाला. “बये, एका दिवसात तुझी पोरं एवढी हुशार झाली कशी?”

“ती कालच्याएवढीच आहेत, महाराज! बाकीच्या शाळांत आज पहिल्यांदा त्यांची स्वतःची पोरं तपासली गेली!”

राजानं दिवाणांकडे पाहिलं. दिवाण जमिनीकडे पाहू लागले. मग राजा असा खो-खो हसला, की त्याला मुकुट सावरावा लागला! त्यानं बाराही शाळांचा कारभार सत्यभामाबाईंच्या हाती दिला आणि स्वतःचं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं.

“आणि दिवाणजी, तुम्ही उद्यापासून कुंभारपेठेत. पहिल्या बाकावर!”