दस्तगीरमिस्त्रींचा दोरा

“मग आता वजन किती कमी करू, तेवढं सांगा.”

हुदलीकरसाहेबांनी वही पुढे केली. पाण्याची टाकी, शेगडी, पलंग, गादी... सगळ्यांची वजनं तिथे लिहिलेली होती.

दस्तगीरमिस्त्रींनी वहीकडे पाहिलं नाही. ते टायरकडे बघत होते. जतच्या रस्त्यावर पन्नास वर्षं त्यांनी ट्रकांचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, बांधले होते, आणि बोलणं त्यांना कमीच लागे.

साहेब पूल बांधणारे निवृत्त इंजिनियर. मोटारीमागे ओढायचं हे फिरतं घर त्यांनी अंगणात स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, पत्नीसाठी. कुमुदताईंना कंबरेखाली हालचाल नव्हती, प्रवास करायचा तो आडवं पडूनच. माहेरी थोरला भाऊ नव्वदीला टेकलेला. आठ वर्षं भेट नाही. आणि गावाची वाट दगडगोट्यांच्या ओढ्यातून. पहिल्या खेपेला घराचं पोट तिथे घासलं, आणि दोघं अर्ध्या वाटेवरून माघारी आली.

मग साहेबांनी अक्कल लढवली. कमानपाट्यांच्या वर बसलेला, दोन चाकं जोडणारा लोखंडी अ‍ॅक्सल काढून पाट्यांच्या खाली घातला. घर वीतभर उंच झालं. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं.

दोनशे किलोमीटरांत दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत झाली.

“माझंच ओझं फार होतंय हो, चाचा.” कुमुदताई लिंबाखाली मोटारीच्या मागच्या सीटवर पडल्या होत्या, तिथून बोलल्या. “मी म्हटलं ह्यांना, राहू दे आता. दादाशी फोनवर बोलेन.”

साहेबांनी वही मिटली. पुन्हा उघडली.

मिस्त्रींनी विचारलं, “अ‍ॅक्सल घातला कसा?”

“पालथा केला. पाटे बसवायच्या बैठका आयत्याच वर आल्या. वेल्डिंगसुद्धा लागलं नाही.”

“हं...”

मिस्त्रींनी घर जॅकवर उचललं, ठोकळ्यांवर टेकवलं. अ‍ॅक्सल खोलून जमिनीवर ठेवला आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला.

“बगा.”

साहेब गुडघ्यांवर बसले. अ‍ॅक्सल सरळ नव्हता. दोरा आणि लोखंड यांच्यात मधोमध नखभर फट होती.

“वाकलाय! म्हणजे वजनानंच...”

“न्हाई. करणाऱ्यानंच कमान दिलीया. ही पाठ वर असती. तुम्ही खाली घातली. चाकं कलली, टायर आतनं घासलं.”

साहेबांचे कान तापले. पुलाच्या तुळईला मुद्दाम वर कमान देतात, ओझं आलं की ती सरळ व्हावी म्हणून, हे त्यांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

“त्याला खाली जा म्हणायचं हुतं, सायेब. पालथा हो, असं न्हवं.”

मिस्त्रींनी अ‍ॅक्सलची पाठ वर केली. वरच्या अंगाला नव्या बैठका वेल्ड केल्या आणि तो पुन्हा पाट्यांच्या खालीच बसवला. उंची होती तेवढीच राहिली. मग खालच्या अंगाला तोच दोरा टोकाटोकांशी ताणून बांधला.

“आता भरा. जे जे जाणार, ते सगळं.”

टाकी काठोकाठ भरली. शेगडी, पलंग, गादी आत गेली. जॅक खाली आला. साहेब धुळीत पोटावर पडून बघत होते. फट मिटत आली... पण मिटली नाही.

“झालं?”

“आक्का ऱ्हायल्या.”

“मी येत नाहीये, चाचा.”

“तुम्ही चढल्याबिगर माप हुत न्हाई.”

साहेबांनी त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि आत पलंगावर निजवलं. मग पुन्हा येऊन धुळीत पडले.

कुमुदताईंचं वजन ते किती! वहीत शेवटच्या ओळीला चाळीस किलो लिहिलं होतं.

तेवढ्यानं उरलेली फट मिटली. इकडच्या चाकापासून तिकडच्या चाकापर्यंत लोखंड दोऱ्याला लागून सरळ झालं होतं, कुठे केसभर जागा नाही.

साहेबांच्या अंगावर काटा आला. हे लोखंड घडवणारा कोण कुठला कारागीर, त्यानं आपल्या भट्टीपाशी बसून हे ओझं आधीच धरलं होतं. ते येणारच, म्हणून तयारी करून ठेवली होती. आयुष्यभर ओझ्यांची गणितं केलेल्या साहेबांनी ओझं उचलणाऱ्याकडे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना उठवेना.

खिडकीतून आवाज आला. “काय झालं हो? बोलत का नाही? फार होतंय का माझं? उतरवा मला...”



मिस्त्रींनी वाकून दोरा सोडला. बोटांवर गुंडाळत गुंडाळत एक हात अ‍ॅक्सलवर ठेवला.

“उतरू नका, आक्का. तुम्ही उतरला, की ह्यो परत वाकतोय.”