पाळण्याची खाच

सुताराच्या हत्यारांना बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट.

दत्ताराम मेस्त्रीने नातीच्या बारशासाठी पुस्तकात बघून पाळणा करायला घेतला. करवतीने आणि पटाशीने मिळून खांबाला बरोबर एक इंचाची खाच पाडली. फळी आत बसवली, तर ती खुळखुळायला लागली.

"माझं माप चुकलेलं नाही," करवत म्हणाली.

"माझंही नाही," पटाशी म्हणाली.

"एक इंच," पुस्तक म्हणालं.

मेस्त्रीने खाच पुन्हा पुन्हा मोजली. ती दर वेळी एक इंचच भरली. तो पुस्तकाकडे बघे, खाचेकडे बघे, आणि काही कळेना. बारसं तर परवावर आलेलं.

तेवढ्यात त्याच्या कानावरची पेन्सिल म्हणाली, "मेस्त्री, खाच चारदा मोजलीत. फळी एकदा तरी मोजलीत का?"

फळी पाऊण इंचाची निघाली.

"पण माझ्यात तर एक इंच..." पुस्तक पुटपुटलं.

"ती तुला लिहिणाऱ्या सुताराची फळी," पेन्सिल म्हणाली.

मेस्त्रीने नवा खांब घेतला, त्यावर आपली फळी उभी धरली आणि तिच्या दोन्ही अंगांनी रेघा ओढल्या.

बारशाला पाळणा हलला. फळी हलली नाही.